दादासाठी मोकळा ठेवलेला ट्रॅक

दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो किती खर्च करणार हा नव्हता. एका वेळी किती जण वाजवणार, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, दोघं. मग लगेच दुरुस्त केलं: म्हणजे एका वेळी एकच. दुसरा नंतर.

"नंतर म्हणजे, जेवून आल्यावर?"

मी सांगितलं की दुसरा माझा मोठा भाऊ आहे, विमानाने अकरा तासांवर राहतो. मी गिटार वाजवून त्याला पाठवणार, तो ते ऐकत वरून व्हायोलिन वाजवणार आणि मला परत पाठवणार. दुकानदार एके काळी बँडमध्ये ड्रम वाजवायचा. ऐकताना त्याची बोटं काउंटरच्या काचेवर चालूच होती. माझं बोलणं संपल्यावर त्याने समोरचं मोठं मशीन बाजूला सरकवलं. त्यात आठ जण एकदम वायर खुपसू शकतात, तो म्हणाला, आणि तुम्ही एकट्या आठ वेळा वाजवणार. मग बाकीची सात भोकं काय धूळ साठवायला घेताय?

मल्टिट्रॅक रेकॉर्डर म्हणजे काय हे दोन महिन्यांपूर्वी मलाही धड माहीत नव्हतं. साध्या रेकॉर्डरमध्ये खोलीत जे वाजेल ते एकजीव होऊन साठतं, नंतर त्यातलं काही वेगळं काढता येत नाही. मल्टिट्रॅकमध्ये प्रत्येक वाद्याला स्वतःची पट्टी असते. पहिल्या पट्टीवरचं कानात ऐकायचं आणि ते ऐकत दुसरीवर वाजवायचं, मग दोन्ही ऐकत तिसरीवर. अशा रीतीने एकच माणूस चार जणांचा संच होऊ शकतो. जाहिरातींमध्ये ही गोष्ट फार आनंदाची म्हणून सांगितलेली असते.

मी सात मशीनचा तक्ता करून नेला होता, अकरा रकान्यांचा. दुकानदाराने तो चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाला की एवढी चौकशी त्याच्या सासऱ्यानेही त्याची केली नव्हती. मग त्याने कपाटाच्या खालच्या खणातून एक छोटं मशीन काढलं. चार ट्रॅक, चार सरकपट्ट्या, एक लाल बटण. स्क्रीनचा पडदा नाही. माझ्या तक्त्यात ते सर्वात खाली होतं, कारण त्यात जवळपास काहीच नव्हतं. पण लाल बटण दाबलं की ज्या ट्रॅकवर आवाज भरला जाणार त्याच्यावरचा दिवा लागायचा, आणि ते बघायला काही वाचावं लागत नव्हतं. दिवसभर मी प्रयोगशाळेत पडद्याकडेच बघते. आम्ही दवाखान्यांचे आणि शीतगृहांचे थर्मामीटर तपासतो, प्रत्येकाची चूक किती ते लिहून देतो. घरी आणखी एक पडदा मला नको होता.

महिनाभर वापरून बघा, दुकानदार म्हणाला, नाही जमलं तर परत आणा, फक्त खोकं फाडू नका.

जमणं म्हणजे काय हे मी त्याला सांगितलं नाही. या शहरात येऊन मला सात महिने झाले होते आणि तेवढ्या दिवसांत मी कुणाबरोबर काहीही वाजवलं नव्हतं. मशीन चाललं तर दादाबरोबरचं वाजवणं टिकणार होतं. नाही चाललं तर ते संपल्यातच जमा होतं. मग रविवारी करण्यासारखं माझ्याकडे उरत होतं ते कपडे धुणं, आणि ते सकाळी दहालाच आटपायचं.

दादा चौदा वर्षांचा असताना त्याला साथीला कुणीतरी हवं होतं, आणि घरात मी होते. मी तेव्हा आठ वर्षांची. त्याने माझ्या हातात गिटार दिली, तीन कॉर्ड्स शिकवल्या आणि सांगितलं की मोजू नकोस, फक्त माझ्याकडे बघ. मी पंधरा वर्षं त्याच्या उजव्या कोपराकडे बघत वाजवलं. गज उचलताना तो नाकाने श्वास घ्यायचा, तो श्वास म्हणजे सुरुवात. कोपर किंचित थबकलं की मी थबकायचे. आमच्या दहा-बारा धुना होत्या, सगळ्या त्याने बांधलेल्या. सर्वात जुनीचं नाव 'गंजलेली सायकल', कारण तिच्या दुसऱ्या भागात वरचे सूर कुरकुरत चढावर जातात.

नोकरीसाठी तो गेला त्याला आता चौदा महिने झाले. पहिल्याच महिन्यात आम्ही फोनवरून एकत्र वाजवायचा प्रयत्न केला होता. सोळा मात्रांच्या आत गाडी अडली. आवाज पोचायला उशीर होत होता. त्याला वाटे मी मागे पडतेय म्हणून तो हळू होई, मला तो हळू झालेला ऐकू येई म्हणून मी आणखी हळू. मी नंतर टाळ्या वाजवून उशीर मोजला, जाऊन-येऊन चार दशांश सेकंद. दादा खूप हसला आणि म्हणाला, "मशीन घे, बारके, एक. तू वाजवून पाठव, मी वरून वाजवतो." मधे माझी नोकरी बदलली, शहर बदललं, त्याला बाळ झालं. फोनवर मी विचारायचे, व्हायोलिन वाजवतोस ना? तो म्हणायचा, हो, अधूनमधून.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली लाँड्री आहे, आणि तिथले ड्रायर फिरायला लागले की माझ्या फरशीला एक बारीक थरथर असते. ती कानाला कळत नाही, मशीनला कळते. लाँड्री रोज रात्री उशिरापर्यंत चालते, रविवारीही, फक्त दुपारी एक ते दोन जेवणासाठी बंद. इतर दिवशी त्या वेळी मी कामावर, म्हणजे आठवड्यातून एक तास. पहिल्या रविवारी मी पावणेएकलाच खिडकी लावून घेतली, कपाटाचं दार उघडून त्यावर रजई टाकली, सरकपट्ट्यांखाली कागदी टेप चिकटवून पेन्सिलीने लिहिलं: पहिल्यावर गिटार, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर दादा. चौथ्यावर काय लिहावं ते सुचलं नाही. एक वाजून दोन मिनिटांनी ड्रायर थांबले. मी लाल बटण दाबलं आणि 'गंजलेली सायकल' वाजवली.

दादाचं उत्तर मंगळवारी आलं. तो म्हणाला की यावर वाजवता येत नाही.

"तू कुणाची तरी वाट बघतेयस. दर चार ओळींनी थांबतेस. मी तिथे नाहीये, बाई."

मी पुन्हा ऐकलं. खरं होतं. जिथे जिथे त्याचं कोपर थबकायचं तिथे तिथे मी थांबले होते, पण माझ्यापुढे कोपर नसल्यामुळे प्रत्येक थांबा वेगळ्या लांबीचा झाला होता. कुठे अर्धा सेकंद, एका ठिकाणी तर सव्वा. पंधरा वर्षांत मी धून अशी कधी शिकलेच नव्हते. मी दादाला वाजवायला शिकले होते.

चूक सापडली म्हणून मला बरंच वाटलं. आमच्या कामात चूक किती आणि कुठे हे कळलं की अर्ध्याहून जास्त काम झालेलं असतं. दुसऱ्या रविवारी मी कानात टिकटिक लावून वाजवलं. थांबे गेले, पण ऐकताना असं वाटत होतं की कुणीतरी पत्रांवर शिक्के मारतंय. ते मी पाठवलं नाही. त्याच तासात, दोनला वीस मिनिटं असताना, मला दुसरी युक्ती सुचली. आधी पहिल्या ट्रॅकवर मी दादाचं व्हायोलिन गुणगुणले, आठवेल तसं, त्याच्या थबकण्यासकट, सुरुवातीच्या श्वासासकट. मग ते गुणगुणणं कानात ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर गिटार वाजवली. आता माझ्यापुढे कुणीतरी होतं. शेवटी पहिल्या ट्रॅकची सरकपट्टी खाली ओढली, गुणगुणणं बंद झालं आणि गिटार उरली, पण आता ती बरोबर जागी थांबत होती, बरोबर तेवढीच. मी दोनदा ऐकलं. माझा आवाज काही ऐकण्यासारखा नाही, पण गुणगुणण्यात तो श्वास इतका हुबेहूब आला होता की सरकपट्टी खाली ओढायला मला जरा वेळ लागला.

पाठवलं. दादाने अंगठा पाठवला. मग काहीच नाही.

तिसऱ्या रविवारपर्यंत मी त्याची कारणं शोधत होते. लय जास्त झाली असेल. त्याला आता ते थांबे नको असतील. गिटारच्या जाड तारेचा आवाज व्हायोलिनवर बसत नसेल. लाँड्रीच्या त्या एका तासात मी तीन वेगळ्या प्रती केल्या, हळू, मध्यम, आणि थांब्यांशिवाय, आणि तिन्हींना नावं देऊन पाठवल्या. सोबत लिहिलं की कोणती बरी वाटते ते सांग, त्याप्रमाणे पुढची करते. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, सगळ्याच छान आहेत, बघतो.

बुधवारी संध्याकाळी वहिनीचा फोन आला. एरवी आमचं बोलणं म्हणजे दादाच्या मागून ती ओरडून काहीतरी विचारणार आणि मी ओरडून उत्तर देणार, एवढंच. आज ती एकटी होती. बाळाला झोपवता झोपवता बोलतेय, म्हणाली, मधेच थांबले तर समजून घे. आधी तिने माझं जेवण, माझी खोली, माझा सर्दीखोकला सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली की तू त्याला ते पाठवतेयस ना, ते जरा थांबव.

मला वाटलं त्याला वेळ नसेल. मी म्हटलं, घाई काहीच नाही वहिनी, त्याच्या सवडीने.

"सवडीचं नाही गं. त्याने आठ महिने व्हायोलिनची पेटी उघडली नव्हती. परवा उघडली तर दोन तारा गेलेल्या. उरलेल्या दोनवर वाजवायला बसला, पाच मिनिटांत बंद करून कपाटावर ठेवून आला. तू पाठवलेलं रोज ऐकतो. कामावर जाताना ऐकतो."

मी विचारलं की मला का नाही सांगितलं.

"तुला सांगू नकोस म्हणाला. तू एवढं मशीन बिशीन घेतलंस म्हणून."

मागे बाळ कुरकुरायला लागलं आणि तिने फोन ठेवला.

तीन रविवार मी गिटारची चूक काढत होते, दशांश सेकंदांत. ज्या बाजूला खरोखर काही बिघडलं होतं तिकडे मी मोजायला गेलेच नव्हते, कारण ती बाजू माझ्या हिशेबात कायमची बरोबर धरलेली होती. आमच्याकडे एक प्रमाण थर्मामीटर असतो, बाकी सगळे त्याच्याशी ताडून बघतात. त्यालाही वर्षातून एकदा तपासायला पाठवतात. हे मला पगार घेऊन माहीत आहे.

माझ्या मनात आधी मशीन परत करण्याचा विचार आला. खोकं मी फाडलेलं नव्हतं. मग वाटलं की परत केलं आणि त्याला कळलं, तर तो मला कधीच फोन करणार नाही, किंवा करेल आणि आम्ही बाळाच्या दातांबद्दल बोलू. दात महत्त्वाचे आहेतच. पण तेवढंच बोलू.

गुरुवारी मी त्याला फोन केला. वहिनीचं नाव काढलं नाही. एवढंच म्हटलं की नव्या प्रती पाठवत नाही आता, फक्त एक काम कर, व्हायोलिनची एक तार वाजवून दाखव.

"कशाला?"

"सूर लावायला."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पेटीच्या दोन खिट्ट्या. खिट्ट्यांचा आवाज मला माहीत आहे. पहिली चटकन उघडते, दुसरीला दोनदा दाबावं लागतं. मग तार वाजली. एकच, मोकळी, गजाने ओढलेली, शेवटी जरा खरखरलेली.

"उतरलाय ना बराच?" त्याने विचारलं. "खुंट्या पिळायला धजत नाही मी. उरलेल्या पण तुटतील."

"पिळू नकोस. मी गिटार तेवढी उतरवते."

तार त्याने पुन्हा एकदा वाजवली, आता जरा सावकाश, आणि मी ती भरून घेतली. चार सेकंद.

ती तार सेकंदाला चारशे चाळीस वेळा थरथरायला हवी होती. ती चारशे अठ्ठावीस होती. म्हणजे जवळजवळ पाव स्वर खाली, दोन पट्ट्यांच्या नेमक्या मधे, जिथे जगातला कुठलाच पियानो वाजत नाही. प्रयोगशाळेत असा थर्मामीटर आला असता तर मी त्यावर लाल चिठ्ठी लावली असती. शनिवारी मी दुकानात जाऊन मशीन ठेवून घेत असल्याचं सांगितलं, आणि संध्याकाळी गिटारच्या सहाही तारा एकेक करून खाली आणल्या. उतरवलेल्या तारा लवकर स्थिर होत नाहीत, त्यांचा सूर हळूहळू आपोआप वर सरकतो. दर अर्ध्या तासाने मी त्या चार सेकंदांशी ताडून बघत होते.

मग धून घेऊन बसले. वहिनीने दोन तारा गेल्या म्हटलं होतं, कुठल्या ते नाही, पण दादाने मधलीच वाजवली होती आणि व्हायोलिनची सर्वात बारीक तार आधी तुटते. जाड तार राहिली असती तर त्याने ती वाजवली असती. तिच्यापासूनच तो नेहमी सूर लावायला घेतो. म्हणजे मधल्या दोन उरल्या असाव्यात. 'गंजलेली सायकल'चा चढावाचा भाग मधल्या दोन तारांवर शक्य नाही. पहिला भाग मात्र बसतो, फक्त एक सूर सोडून, सहाव्या ओळीतला, तो खाली जाड तारेवर आहे. तो सूर मी गिटारवर घेतला. त्यासाठी माझी एक कॉर्ड मोडावी लागली, पण नीट ऐकल्याशिवाय ते कळत नाही.

चौथ्या रविवारी एक वाजून तीन मिनिटांनी ड्रायर थांबले. या वेळी मी गुणगुणले नाही. तिसऱ्या ट्रॅकच्या सुरुवातीला त्याची चार सेकंदांची तार ठेवली, आणि ती संपल्यावर दुसऱ्या ट्रॅकवर पहिला भाग वाजवला, दोनदा, कुठेही न थांबता. कोपराची वाट बघायची नाही एवढंच ठरवलं होतं. ढिल्या तारांमुळे गिटार जुन्या फर्निचरसारखी वाजत होती, बोटांखाली तारा इकडेतिकडे सरकत होत्या. धरून चालायला दादाला काहीतरी हवं असेल तर ते सरळ असायला हवं. अंदाजे दोन मिनिटांचं झालं. पाठवताना लिहिलं: पहिलाच भाग आहे. मधल्या दोन तारांवर बसतो. सहाव्या ओळीतला खालचा सूर मी घेतलाय, तू तिथे थांब.

सोमवारी काही आलं नाही. मंगळवारी, बुधवारीही नाही. गुरुवारी कामावरून घरी आले, बूट काढले, आणि फोनमध्ये एक फाइल होती. सोबत शब्द नव्हते.

मी ती तिसऱ्या ट्रॅकवर, तारेच्या पुढे, बसवली आणि कानात लावलं. आधी श्वास आहे. मग तो आणि मी एकत्र आहोत. तो माझ्या मागे आहे, सुमारे एक दशांश सेकंदाने, आणि त्याचा गज दोनदा घसरतो, आणि सूर माझ्या सुराशी जुळलेला आहे. बाराव्या सेकंदाला बाळ रडतं आणि व्हायोलिन थांबतं. दादा "आलो, आलो" म्हणतो. पुढचं एक मिनिट आणि अठ्ठेचाळीस सेकंदं गिटार एकटीच आहे.